मागचा दिवा

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य ज्याने वाचलेले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण आहे. अमरावतीच्या बाजारात कापडाच्या, भांड्यांच्या, चपलांच्या पावतीवर ते तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते. प्रयोगविचार शिकवताना कर्मणी प्रयोगाचे उदाहरण म्हणून मी ते अनेकदा फळ्यावर लिहिले आहे. या वाक्यात माल आहे, विक्री आहे आणि नकारही आहे. नाही तो फक्त नकार देणारा. कोण परत घेणार नाही, हे वाक्य सांगत नाही. दुकानदार वाक्याबाहेर उभा राहतो आणि नियम जणू आकाशातून पडल्यासारखा पावतीवर उतरतो. आपल्या व्यवहारात ही गोष्ट इतकी मुरलेली आहे की, विकणाऱ्याने आपण होऊन गिऱ्हाइकाला गाठावे आणि ‘माझ्या मालात खोट आहे, तो परत घेऊन या’ असे म्हणावे, ही कल्पनाच आपल्याला जराशी संशयास्पद वाटते.

म्हणूनच नोव्हेंबर २०२० मध्ये, दिवाळी तोंडावर आली असताना वाचलेली एक लहानशी बातमी माझ्या मनात रेंगाळत राहिली. मारुती सुझुकी कंपनीने ४ नोव्हेंबर २०१९ ते २५ फेब्रुवारी २०२० या काळात तयार झालेल्या ४०,४५३ ईको गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. कारण असे की, या गाड्यांच्या हेडलॅम्पवर आवश्यक ते प्रमाणचिन्ह नसण्याची शक्यता होती. दिवा लागत नाही, असे कंपनीचे म्हणणे नव्हते. चिन्ह राहून गेले असावे, एवढेच म्हणणे होते. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ‘एमए३’ने सुरू होणारा आपला चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा आणि दुरुस्ती लागलीच तर ती मोफत होईल, असेही त्यात म्हटले होते.

ईको ही आमच्याकडची फार ओळखीची गाडी. नांदगाव पेठेच्या चौकात सकाळी अर्धा तास उभे राहिले, तर शाळेची मुले, दवाखान्यात निघालेले म्हातारे, लग्नाचे वऱ्हाड आणि भाजीची पोती हे सारे ईकोतूनच जाताना दिसते. त्यामुळे ही बातमी मी आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींना वाचून दाखवली. त्यांनी पाना खाली ठेवला आणि विचारले, “मॅडम, लाईट लागते, रोड दिसते, मंग कंपनी गाडी परत काऊन बोलावते?”

प्रश्न साधा होता, पण चिन्हमीमांसेच्या वर्गात महिनाभर पुरेल इतका खोल होता. दिवा आहे आणि प्रकाशही आहे. नाही ती त्याची खूण. मग बिघडले काय?

हेडलॅम्पच्या काचेवर बारीक अक्षरे आणि आकृत्या कोरलेल्या असतात. आपण गाडी धुतो, पुसतो, पण ती वाचत नाही. युरोपीय पद्धतीच्या दिव्यांवर वर्तुळातले ‘ई’ हे अक्षर आणि त्यापुढे एक आकडा असतो. कोणत्या देशाने त्या दिव्याला मान्यता दिली, हे तो आकडा सांगतो. १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ३ म्हणजे इटली. डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनलेल्या दिव्यावर एक आडवा बाणही असतो. समोर उभे राहून पाहिले तर तो आपल्या उजव्या हाताला, म्हणजेच गाडीच्या डाव्या बाजूला रोख दाखवतो. या बाणामागे एक फार शहाणा विचार आहे. डिपरचा प्रकाश दोन्हीकडे सारखा पसरत नाही. तो आपल्या कडेच्या बाजूला थोडा वर चढतो, म्हणजे कडेने चालणारा माणूस, गुरे, मैलाचा दगड दिसावा. आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला तो खाली दबतो, म्हणजे त्याचे डोळे दिपू नयेत. उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशाचा दिवा आपल्याकडे बसवला, तर तो लागेल, रस्ताही दिसेल. फक्त समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. गाडी चालवणाऱ्याला यातले काहीच कळणार नाही.

ईकोच्या दिव्यावर नेमके कोणते चिन्ह राहून गेले होते, हे त्या बातमीत नव्हते, आणि माझ्या मुद्द्यासाठी ते आवश्यकही नाही. मिस्त्रींच्या प्रश्नाचे उत्तर मला असे सुचते: दिवा लागतो की नाही हे मालक पाहू शकतो, तो नीट लागतो की नाही हे पाहणारा कोणीतरी तिसरा असावा लागतो. प्रमाणचिन्ह ही त्या तिसऱ्याची सही आहे. ज्यांची कधी भेट होणार नाही अशा दोन माणसांमध्ये, म्हणजे गाडी चालवणारा आणि समोरून येणारा यांच्यामध्ये, कोणीतरी जामीन राहिल्याची ती खूण आहे. ती नसेल तर दिवा कदाचित चांगलाच असेल. पण तसे म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

मराठी वृत्तपत्रांत अशा बातमीचा मथळा बहुधा ‘गाड्या परत मागवल्या’ असा असतो. ‘रिकॉल’ला हा शब्द रूढही झाला आहे. मला मात्र ‘मागवणे’ येथे खटकते. मागवतो तो घेणारा; त्यात गरज मागवणाऱ्याची असते. ‘बोलावणे’ या क्रियापदात समोरच्याविषयी काहीएक जबाबदारी येते. आपल्याकडे सासरी गेलेल्या मुलीला आणायला मुऱ्हाळी जात असे. मुलगी दिली म्हणून विषय संपला, असे माहेर मानत नव्हते. निदान मानू नये, अशी अपेक्षा होती. विकलेल्या वस्तूचे आणि तिच्या निर्मात्याचे नाते पावतीपाशी तुटत नाही, ही गोष्ट कायद्याने मान्य करायला मात्र फार वेळ लागला. अमेरिकेत राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक १९६५ मध्ये आले आणि १९६६ मध्ये तेथे वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. आपल्याकडे वाहन-उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेची संहिता स्वीकारली. सक्तीची तरतूद आली ती २०१९ च्या मोटार वाहन (दुरुस्ती) अधिनियमातून, आणि तिचे नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. म्हणजे ईकोची ती बातमी आली तेव्हा ही सक्ती कागदावर होती, अमलात यायची होती.

हा कायदा मी मुद्दाम वाचला. त्यातले कलम ११० अ चांगले आहे. वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, आत बसलेल्यांना किंवा ‘रस्ता वापरणाऱ्या इतरांना’ अपाय होऊ शकत असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला ती वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. ‘इतर’ हा शब्द त्यात आहे, याचे मला समाधान वाटले. नियमांप्रमाणे सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी ही तरतूद असून दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत जाऊ शकतो. उत्पादकाने आपण होऊन दोष कळवला आणि गाड्या बोलावल्या तर दंड नाही. प्रामाणिकपणाला सवलत देणारी ही तरतूद मला शहाणपणाची वाटते.

परंतु दोष आहे हे सरकारला कळणार कसे? कायदा तीन वाटा सांगतो: ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी, चाचणी संस्थेचा अहवाल, किंवा अन्य कोणताही स्रोत. यातली पहिली वाट ब्रेकच्या, स्टिअरिंगच्या, एअरबॅगच्या बाबतीत ठीक आहे. तेथे मालकाचाच जीव टांगणीला असतो, तो ओरडेल. दिव्यांचे, त्यातही मागच्या दिव्यांचे, तसे नाही. गाडीच्या सगळ्या भागांत मागचा लाल दिवा हाच असा आहे, जो मालकाला गाडी चालवताना कधीच दिसत नाही आणि ज्याचा त्याला प्रत्यक्ष काही उपयोगही वाटत नाही. तो सर्वस्वी मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. तो विझला तर ज्याचे नुकसान व्हायचे तो त्या गाडीचा मालक नसतो, त्याच्याकडे त्या गाडीचा चासी नंबर नसतो, आणि पुष्कळदा तक्रार करायला तो उरलेलाही नसतो.

हे वाक्य मी शब्दांच्या ओघात लिहिलेले नाही. आमच्या महाविद्यालयात बी.ए. द्वितीय वर्षाला एक मुलगी होती. नांदगाव पेठेजवळच्याच एका खेड्यातली. तिचा थोरला भाऊ येथल्या एमआयडीसीतील एका कापड गिरणीत कामाला होता. दुसरी पाळी संपवून तो रात्री मोटारसायकलने घरी निघाला. दिवस डिसेंबरचे, म्हणजे कापूस वेचणीच्या भराचे. रस्त्याच्या कडेला कापसाने शिगोशीग भरलेली एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, परावर्तक नव्हता, चाकाला लावलेला दगड तेवढा होता. पुढचे सांगायला नको.

त्याच वर्षी माझ्या तासाला ‘वृत्तपत्रांची भाषा’ हे प्रकरण होते. ती मुलगी महिन्याभराने वर्गात परत आली होती. मी मुलांना मथळ्यांची कात्रणे आणायला सांगितली होती. तिने कात्रण आणले ते आपल्या भावाच्या बातमीचे. मथळा होता, ‘उभ्या ट्रॉलीला दुचाकीची धडक, युवक ठार’. वर्ग गप्प झाला. ती मात्र शांतपणे म्हणाली, “मॅडम, ह्या वाक्यात लाईट कुठं आहे?”

खरोखरच नव्हता. या मथळ्यात क्रिया आहे धडक, ती करणारी आहे दुचाकी, आणि ती सोसणारी आहे ट्रॉली. ट्रॉली बिचारी उभी होती. दुचाकीने येऊन तिला धडक दिली. मराठीतील असंख्य अपघाताच्या बातम्या याच साच्यातल्या आहेत. पंचनाम्याची भाषाही बहुधा अशीच असते. यात कोणाची लबाडी नाही. जे हलते ते कर्ता आणि जे स्थिर असते ते कर्म, हा भाषेचा स्वाभाविक कल आहे. पण त्यामुळे होते असे की, जे घडायला हवे होते आणि घडले नाही, त्याला वाक्यात जागाच मिळत नाही. न लागलेला दिवा क्रियापदाचा कर्ता होऊ शकत नाही. मेलेला मुलगा मात्र होतो. पावतीवरच्या त्या वाक्यातून दुकानदार जसा निसटतो, तसा या मथळ्यातून ट्रॉलीचा मालक निसटतो. आणि तो निसटला, हे त्याला स्वतःलाही माहीत नसते.

त्या तासाला मी मुलांना हाच मथळा दिव्यासह पुन्हा लिहायला सांगितला. कोणी ‘बळी’ लिहिले, कोणी ‘काळाचा घाला’. तिने लिहिले, ‘मागे दिवा नसलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर उभी होती’. मृत्यूचा उल्लेखही तिने केला नव्हता. मथळा म्हणून तो चालणार नाही, हे तिलाही ठाऊक होते. मी त्यावर काही शेरा दिला नाही.

वाहने परत बोलावण्याच्या बातम्यांकडे मी त्यानंतर अधिक लक्षपूर्वक पाहू लागले. त्यांचे मोल मला या न्यूनाच्या उच्चारात दिसते. जे नाही, ते नाही असे म्हणणारे ते दुर्मीळ गद्य आहे. अमेरिकेत टेस्ला कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ३ लाख २१ हजारांहून अधिक मोटारी ‘बोलावल्या’, कारण त्यांचे मागचे दिवे मधूनच लागेनासे होत होते. दोष सॉफ्टवेअरचा होता. दुरुस्ती हवेतूनच पाठवली गेली आणि कोणालाही जागचे हलावे लागले नाही. रॉयल एनफिल्डने ऑक्टोबर २०२४ मध्ये, नोव्हेंबर २०२२ ते मार्च २०२३ या काळात बनलेल्या मोटारसायकलींचे मागचे आणि बाजूचे परावर्तक बदलून देण्याचे जाहीर केले. काही परावर्तक प्रकाश पुरेसा परत फेकत नव्हते. एका मोटारसायकलीला पंधरा मिनिटांहून कमी वेळ लागणार होता, आणि ही मोहीम भारतासह अनेक देशांत टप्प्याटप्प्याने व्हायची होती. हाताच्या बोटांएवढ्या एका लाल तुकड्यासाठी जगभरच्या गाड्यांना निरोप. पुस्तकाच्या शेवटी जोडलेले शुद्धिपत्र फार थोडे वाचक उघडतात. पण ज्या पुस्तकाला ते असते, त्याच्या संपादकावर माझा विश्वास अधिक बसतो. येथेही तसेच.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याही गाडीबद्दल असा एक निरोप आला होता. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. मागच्या दिव्याच्या जोडणीत ओल शिरत होती. वर्कशॉपमधल्या मुलाने वीस मिनिटांत ती बदलली आणि मला हाक मारली, “मॅडम, मागं येऊन उभ्या राहा, मी ब्रेक दाबतो.” मी मागे उभी राहिले, दिवा लागला, मी ‘लागला’ म्हणाले. घरी परतताना विचार आला की, ब्रेकचा दिवा एकट्या माणसाला सहजी तपासताच येत नाही. एकाने आत बसून पाय दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून साक्ष द्यायची. या दिव्याचा स्वभावच असा आहे. तो दुसऱ्याशिवाय पुरा होत नाही.

पण या व्यवस्थेच्या मर्यादा मला नांदगाव पेठेतून रोज ये-जा करताना दिसतात. निरोप पाठवायला पत्ता लागतो. कंपनीच्या वहीत नाव असते ते पहिल्या गिऱ्हाइकाचे. आमच्या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या दुसऱ्या, तिसऱ्या हातातल्या आहेत. नागपूर-पुण्याकडे वापरून झाल्यावर त्या येथे येतात. बोलावणे जाते जुन्या मालकाच्या फोनवर, आणि गाडी असते भलत्याच्याच अंगणात. नव्या मालकाने आपण होऊन चासी नंबर टाकून पाहिला तरच काही कळणार. सात वर्षांची अटही आमच्याकडे अपुरी आहे, कारण येथे गाडीचे खरे कष्ट पुष्कळदा सात वर्षांनंतरच सुरू होतात.

आणि ट्रॉलीचे काय? ती कोणत्या कंपनीची? गावातल्या वर्कशॉपमध्ये अँगल जोडून, वेल्डिंग करून ती उभी राहते. तिला कारखाना नाही, तुकडीचा क्रमांक नाही, बोलावणारे कोणी नाही. नियम नाही असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०४ वा नियम मागे दोन लाल परावर्तक हवेत असे सांगतो, आणि त्यात ट्रेलरही येतात. परत बोलावण्याची सोय मात्र ज्यांचा निर्माता माहीत आहे अशाच वस्तूंना आहे. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. याच रस्त्याच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन जागतिक विक्रम नोंदवला गेला. आमच्या एमआयडीसीत १,३५० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याची धुराडी दुरून दिसतात. इतका वेग आणि इतकी वीज असलेल्या मुलखात एका ट्रॉलीच्या मागे एक दिवा नसावा, या विसंगतीवर उपरोधाने लिहिणे सोपे आहे. मला त्याचा कंटाळा आला आहे.

बैलबंडीच्या काळात आखाखाली कंदील टांगलेला असे, असे जुनी माणसे सांगतात. त्याने गाडीवानाला रस्ता दिसत नसे. बंडी इतरांना दिसे. सायकलला दिवा नसला तर पोलीस अडवत, ही आठवण तर माझ्या वडिलांच्या पिढीत घरोघर होती. म्हणजे ‘आपण दिसले पाहिजे’ हे कर्तव्य आपल्याला अगदीच अपरिचित नव्हते. वाहन वेगवान झाले तसे दिव्याचे काम ‘मला दिसावे’ एवढेच उरले, आणि ‘मी दिसावे’ हा भाग मागे पडला. दुचाकीचा पुढचा दिवा दिवसाही लागलेलाच राहावा, हा नियम एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना लागू झाला, तेव्हा आमच्याकडे त्याची थट्टाच अधिक झाली. दिवसा दिवा कशाला, असे विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात दिव्याचा पहिलाच अर्थ होता.

त्या मुलीने तृतीय वर्षाला असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या बैठकीत एक सूचना मांडली. जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा कार्यक्रमात दरवर्षी घोषणा आणि फेरी होते. त्याऐवजी रेडियमच्या पट्ट्या आणाव्यात. ‘रेडियम’ हा आमचा शब्द. त्या पट्टीत रेडियम नसते आणि तिला स्वतःचा उजेडही नसतो. ज्या दिशेने प्रकाश आला, त्याच दिशेने ती तो परत पाठवते. मागच्या गाडीचाच प्रकाश तिला सांगतो की, पुढे कोणीतरी आहे. लाल पट्टीचे रोल अमरावतीहून आणले आणि मुले टोलनाक्याच्या अलीकडे कडेला उभी राहिली. ट्रॅक्टर थांबवायचा, ट्रॉलीची मागची फळी फडक्याने पुसायची, पट्टी चिकटवायची. काही जण न थांबताच गेले. एका बंडीवाल्या म्हाताऱ्याबाबांनी तिला विचारले, “पोरी, पैशे किती?” ती म्हणाली, “पैशे नाही लागत बाबा, फकस्त पुसत जा.” बाबा म्हणाले, “समोरून येणाऱ्याले बैलाचे डोये चमकतात तं दिसते. मागून येणाऱ्याले काय दिसते? लाव, दोन लाव.”

बाबांच्या त्या वाक्यात सारे कलम ११० अ आलेले होते, असे मला वाटले. असो.

कायद्यात काय व्हावे, हे सुचवण्याचा माझा अधिकार नाही. तरी एक नागरिक म्हणून इतके म्हणावेसे वाटते की, दिव्यांच्या दोषाबाबत तक्रार करण्याची वाट फक्त मालकाच्या चासी नंबरातून जाऊ नये. ‘अन्य कोणताही स्रोत’ या तीन शब्दांना मागून येणाऱ्या माणसासाठी एक उघडा दरवाजा मिळावा. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी पाच मिनिटे काढून तिचा नंबर तपासावा. आणि जे बातम्या लिहिण्याचे शिक्षण देतात, त्यांनी अपघाताच्या वाक्यात दिव्याला जागा द्यायला शिकवावे.

ती मुलगी आता नोकरीला लागली आहे. पट्ट्यांचे काम पुढच्या वर्गांनी सुरू ठेवले आहे. मातीने, पावसाने पट्टी दोन हंगामांत निकामी होते, ट्रॉल्या बदलतात, नव्या जोडल्या जातात. त्यामुळे वेचणी सुरू झाली की रोल पुन्हा आणावे लागतात.